जनगणनेत आपण दिलेलं उत्तर पुढे जातं कुठे?

मीनल_के

जनगणना २०२७ ची घरयादी यंदा आणि माणसांची मोजणी पुढच्या फेब्रुवारीत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून नुसता धुरळा उडालाय. एक गट म्हणतो, स्वगणना करून, म्हणजे पोर्टलवर आपली माहिती आपणच भरून, मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, काही भरू नका, सगळं आयकरवाल्यांना आणि कर्जासाठी फोन करणाऱ्यांना जातं. आमचे हे दुसऱ्या गटात, वेगळं सांगायला नको.

मला खरंच जाणून घ्यायचंय. दारात आलेल्या शिक्षिकेला मी नाव, वय, शिक्षण सांगितलं की पुढे ते कोण बघतं? माझं नाव त्यात राहतं का? तिने कंटाळून काहीबाही लिहिलं तर कुणाला कळतं का?

शिवाय घरगुती पेच आहेत. सासूबाई काही महिने आमच्याकडे, काही महिने धाकट्या दिरांकडे. त्यांना कुठे मोजायचं? माझ्या माहेरची बोली अहिराणी, यांची मालवणी, मुलगी घरात अर्धं इंग्रजी बोलते. मातृभाषेच्या रकान्यात तिघांचं एकच लिहितात की वेगवेगळं?

कुणी हे काम केलं असेल तर प्लीज लिहा. व्हॉट्सॅपवरचं ज्ञान नको, ते भरपूर आहे.

चकली

पहिली! जागा धरून बसतेय.

उंटावरचा_शहाणा

सासूबाईंना कुठे मोजायचं हे सासूबाईंना विचारलंत का? आमच्याकडे असा प्रश्न परस्पर सोडवला असता तर मलाच बेघरांच्या यादीत जावं लागलं असतं.

खडूफळा

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. १९९१, २००१ आणि २०११ या तिन्ही जनगणनांना प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती भरणारा, होतो, शेवटच्या खेपेला काही दिवस पर्यवेक्षकाचंही काम पडलं. जमेल तसं सांगतो.

आधी तुमच्या सासूबाई. त्या 'कोणाच्या' आहेत हा प्रश्नच नसतो. मोजणीच्या काळात त्या राहतात कुठे, एवढंच बघायचं. २०११ ला हा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता. माणूस त्या पूर्ण काळात घरात असेल, किंवा नेहमी तिथेच राहणारा असून त्यातले काही दिवस घरी असेल, किंवा आत्ता बाहेरगावी आहे पण २८ तारखेच्या आत परतणार आहे, तर त्याला त्या घरात धरायचं. पूर्ण काळ दुसरीकडे असेल तर जिथे असेल तिथे. त्यामुळे फेब्रुवारीभर त्या दिरांकडे असतील तर दिरांच्या घरात. रेशन कार्डावर नाव कुठे आहे, आधारवर पत्ता कुठला, याचा काही संबंध नाही. हॉस्टेलला असलेल्या मुलांचंही तेच. पालक हट्टाने घरी नाव लावायला सांगतात, तिकडे हॉस्टेलवालेही मोजतात, आणि एक पोरगा दोनदा मोजला जातो.

कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. नातं असो वा नसो. एका खोलीत राहून डबा एकत्र करणारे चार कामगार हे एक कुटुंब. आणि एका वाड्यात दोन भाऊ, दोन चुली, तर दोन कुटुंबं. हा प्रश्न विचारताना फार जपून बोलावं लागतं. एका घरी मी "चूल एकच ना?" असं विचारलं आणि मोठ्या सुनेने "आजपासून नाही" असं उत्तर दिलं.

घरयादीच्या वेळी आधी गटाचा, म्हणजे आपल्या वाट्याला आलेल्या भागाचा, नजरी नकाशा काढायचा. रस्ता, देऊळ, विहीर, मग इमारतींना क्रमांक. गेरूने किंवा मार्करने दारावर नंबर टाकायचा. लोक दुसऱ्या दिवशी रंग देऊन पुसून टाकत. एका प्रगणकाकडे साधारण सव्वाशे-दीडशे कुटुंबं. २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी: स्टँड, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर. मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी, कारण संदर्भाचा क्षण म्हणजे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतानाची मध्यरात्र. त्याआधी कुणी वारलं तर नाव कमी करायचं, त्याआधी बाळ जन्मलं तर वाढवायचं.

बाकीचं उद्या. डोळे दुखतात.

रानमोगरा

मास्तर, तब्येतीने लिहा पण लिहाच. मायना-मजकुरासकट वाचतेय.

विदाभोगी

नाव आणि गोपनीयतेबद्दल मी थोडं लिहितो. पोटापाण्याचा उद्योग आकडेवारीचा, त्यामुळे जनगणनेचे तक्ते नेहमी वापरतो.

जनगणना अधिनियम १९४८, कलम १५. प्रगणकाने भरलेली नोंद बघायचा अधिकार कुणालाही नाही. ती नोंद कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही, दिवाणीत नाही आणि फौजदारीतही नाही. अपवाद फक्त याच कायद्याखालच्या खटल्याचा, म्हणजे जनगणनेच्याच कामातल्या गुन्ह्याचा. मालमत्तेच्या वादात "जनगणनेत मी या घरात राहतो असं लिहिलंय" असं म्हणून नोंद मागता येत नाही. प्रगणकाने माहिती फोडली किंवा जाणूनबुजून खोटी भरली तर कलम ११ खाली गुन्हा. उत्तर द्यायला नकार देणाऱ्यालाही दंड आहे, हजार रुपयांपर्यंत.

नाव राहतं का? मूळ नोंदीत राहतं. आम्हाला मिळणाऱ्या तक्त्यांत कुठेच नसतं. नावाचा उपयोग मुख्यतः मोजताना: घरातला कोणी सुटला नाही ना, कोणी दोनदा आला नाही ना, हे ताडायला. मीनलताई, तुमच्या यजमानांना सांगा की आयकरवाल्यांना तुमची माहिती हवी असेल तर त्यांच्याकडे पॅन आहे, बँक आहे, म्युच्युअल फंड आहेत. जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत.

शंकासुर

कायद्यात लिहिलंय म्हणून पाळलं जातं, असं मानणाऱ्यांना सादर प्रणाम.

२०१० च्या घरयादीला आलेल्या आमच्या गुरुजींकडे दोन फॉर्म होते. एक घरयादीचा, दुसरा राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचा (एनपीआर, रहिवाशांची नावानिशी यादी). तोच माणूस, तीच खुर्ची, तोच चहा. दुसऱ्या फॉर्मला तुमचं ते कलम १५ लागू नव्हतं, कारण तो नागरिकत्व कायद्याखालच्या २००३ च्या नियमांप्रमाणे भरला जात होता. किती जणांना हा फरक दारात समजावून सांगितला गेला?

आणि परदेशातला दाखला हवा तर अमेरिका घ्या. १९४२ मध्ये युद्धकाळाच्या कायद्याने जनगणनेची गोपनीयता उठवली गेली, आणि जपानी वंशाची वस्ती कुठे कुठे आहे याची माहिती त्यांना छावण्यांत हलवणाऱ्यांना पुरवली गेली. कायदा एका सहीने बदलतो.

विदाभोगी

@शंकासुर, नोंदवहीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ती जनगणना नव्हती आणि दोन्ही एकत्र भरून घेतल्याने विश्वासाचं नुकसानच झालं. म्हणून दारात आलेल्या माणसाला "हा फॉर्म कुठल्या कायद्याखाली?" असं विचारायचा हक्क प्रत्येकाने वापरावा. उत्तर 'जनगणना अधिनियम' असेल तर कलम १५ लागू.

अमेरिकेची गोष्टही खरी. पण त्याच्यासोबत जर्मनीचीही सांगा. तिथे १९८३ च्या जनगणनेविरुद्ध लोक कोर्टात गेले, तिथल्या घटनात्मक न्यायालयाने आपल्या माहितीवर आपलाच अधिकार असं ठरवलं, आणि मोजणी १९८७ ला, बदललेल्या कायद्याने झाली. म्हणजे भांडून नियम कडक करता येतात. न मोजता राहणं हा काही उपाय नाही.

पेंगुळलेला

माझ्या घरी २०११ ला कोणी आलंच नव्हतं. मी गोपनीयतेच्या बाबतीत सर्वात सुरक्षित नागरिक.

चकली

@पेंगुळलेला, दाराची बेल तुम्हाला ऐकू आली असती का हा खरा प्रश्न. :)

विदाभोगी

हसण्यावारी नेऊ नका, असे बरेच असतात. मोजणीनंतर काही निवडक गटांत वेगळी माणसं पाठवून पुन्हा मोजतात आणि दोन्ही याद्या जुळवतात. त्याला प्रगणनोत्तर सर्वेक्षण म्हणतात. २०११ च्या सर्वेक्षणात निव्वळ गळती हजारी २३ निघाली, २००१ लाही जवळपास तेवढीच. १२१ कोटींवर ढोबळ हिशेब केला तर पावणेतीन कोटी माणसं होतात. 'निव्वळ' म्हणजे सुटलेल्यांतून दोनदा मोजलेले वजा करून. मास्तरांचा तो हॉस्टेलवाला पोरगा त्या वजाबाकीत.

रानमोगरा

मला मात्र नाव फुटण्याची भीती कधी वाटली नाही. लिहिताना काय होतं, त्याची वाटते.

माझी आई पहाटे गोठा, मग रान, मग संध्याकाळी पुन्हा गोठा. २००१ ला आमच्या ओसरीवर प्रगणक आला तेव्हा ती कापसाच्या रानात होती. काकांनी उत्तरं दिली. "ही काय काम करते?" "काही नाही, घरीच असते." झालं. देशाच्या लेखी माझ्या आईने त्या वर्षी काहीही केलं नाही. मी दहावीत होते, शेजारी बसून ऐकत होते, आणि मलाही त्यात काही खटकलं नाही, याचं आज नवल वाटतं.

ती नोंद कुठल्या सर्व्हरवर किती कुलपांत ठेवलीय याला काय अर्थ आहे?

मीनल_के

रानमोगरा, हे वाचून थांबले जरा. आमच्याकडेही उत्तरं कायम हेच देतात.

खडूफळा

रानमोगरा ताई, तुमच्या ओसरीवर घडलं ते गावोगाव घडलं. प्रशिक्षणात आम्हाला हेच घोकवलं होतं की बाईला "काम करता का" असं विचारू नका. शेतात जाता का, निंदणी-खुरपणी करता का, जनावरं आहेत का, दूध काढता का, असं विचारा. घरच्यापुरतंच दूध काढलं तरी ते काम धरायचं, असं सूचनांत होतं. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारे, कमी केलं तर सीमांतिक. पण गटातली घरं संपवायची आहेत, शाळाही भरवायची आहे, समोर पुरुष उत्तरं देतोय आणि बाई आतून चहा पाठवतेय. अशा वेळी किती जण पाच प्रश्न विचारतील? मी विचारायचो. त्यावर एका गृहस्थाने मला "मास्तर, तुम्हाला आमच्या म्हशीशी काय करायचंय" असं ऐकवलं होतं.

आता नावाचं. कायद्याच्या कलम ८ मध्ये एक सूट आहे जी फार थोड्यांना माहीत आहे. घरातल्या कुठल्याही स्त्रीचं नाव सांगायची सक्ती कुणावर नाही. आणि रूढीने ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्यांचं, म्हणजे नवऱ्याचं, नाव सांगायची सक्ती बाईवर नाही. १९९१ ला माझ्या गटात दोन-तीन आजीबाई नवऱ्याचं नाव घेईनात. शेवटी नातवाला हाक मारायची.

वाचनवेडी

या सुटीमागे शहाणपण आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्यांत लाखो बायकांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी नावं दिली होती. निवडणूक आयोगाने खरं नाव हवंच असा आग्रह धरला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं याद्यांतून गेली. मतदाराला ओळख पटवायची असते, तिथे ते समजू शकतं. जनगणनेला डोकं मोजायचं असतं. नाव नसलेली बाईसुद्धा एक.

उंटावरचा_शहाणा

वयाचं काय? आमच्या आजीचं वय दर जनगणनेला 'साठ लिहा' असंच असे. पंचाहत्तरीनंतरही.

विदाभोगी

तुमच्या आजी एकट्या नाहीत. वयाचा आलेख काढला तर ३०, ४०, ५०, ६० वर उंच सुळके आणि ३५, ४५ वर जरा बुटके. ३१ आणि ४१ म्हणजे खड्डेच. लोक शून्य आणि पाचवर संपणारी वयं सांगतात. हा कल मोजायला व्हिपल निर्देशांक आहे: २३ ते ६२ वयोगटात ० आणि ५ वर संपणारी वयं प्रमाणाबाहेर किती, ते तो सांगतो. १०० आला तर वयं बरोबर सांगितली गेली, ५०० आला तर सगळ्यांनीच गोल आकडा ठोकला. शिक्षण आणि जन्मदाखले वाढतात तसा तो उतरतो.

चकली

म्हणजे मी गेली काही वर्षं ३५ सांगतेय ते राष्ट्रीय परंपरेला धरूनच आहे.

खानदेशी_पाव्हणा

मीनलताई, अहिराणी वाचून धावत आलो. आमनी भाषा अहिराणी, असं ठणकावून लिहा! आणि माणसागणिक वेगळी लिहितात, घराची एक नाही. बाळ असेल किंवा मुका माणूस असेल तर आईची भाषा.

पण पुढचं ऐका. लिहिलेली अहिराणी तक्त्यात 'खानदेशी' या शीर्षकाखाली जाते. २०११ ला खानदेशी १८ लाख ६० हजार, त्यातले १६ लाखांवर अहिराणी सांगणारे. ही स्वतंत्र भाषा म्हणून दाखवलीय, मराठीत मिळवलेली नाही. तावडी, लेवा बोलणाऱ्या किती जणांनी सरळ 'मराठी' सांगितलं ते देव जाणे.

गजालीवालो

आणि मालवणी लिवलास तर तुका कोंकणीत धरतले! खरं सांगतोय, २०११ च्या तक्त्यात मालवणी कोंकणीखाली आहे, आकडा पन्नास हजाराच्याही आत. सिंधुदुर्गात एका तालुक्यात तेवढे असतील. म्हणजे बाकीच्यांनी मराठीच सांगितलं किंवा मास्तरांनी मराठीच लिहिलं.

तर्कतीर्थ_नव्हे

मालवणी कोंकणीची बोली की मराठीची, हा वाद शंभर वर्षं चाललाय आणि जनगणनेतल्या एका कारकुनाने तो सोडवला म्हणजे कमाल आहे. कुठल्या निकषावर?

गजालीवालो

तुम्ही पुण्यात बसून निकष विचारा, आम्ही बोलतोच आहोत.

तर्कतीर्थ_नव्हे

मी कुडाळचा आहे.

संपादक मंडळ

बोली आणि भाषा या वादासाठी स्वतंत्र धागे आहेत, तेही भरून वाहतायत. इथे जनगणनेपुरतं बोलावं ही विनंती.

पंचकार्ड

जनगणनेपुरतंच बोलतो, कारण हा कारकून कदाचित मीच. २००१ च्या जनगणनेच्या वेळी एका डेटा केंद्रात मी कंत्राटावर होतो. आधी स्कॅनिंगकडे, मग कोडिंगकडे.

२००१ ला पहिल्यांदा सगळे फॉर्म स्कॅन करून हस्ताक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचायचं ठरलं. म्हणून प्रगणकांना ताकीद असे: चौकटीतच लिहा, आकडा असाच काढा, फॉर्मला घडी घालू नका. घडी, चहाचे डाग, एकदा तर वरण. सॉफ्टवेअरला अंक नीट कळला नाही की त्या चौकटीचा तेवढाच तुकडा पडद्यावर येई आणि आम्ही दाबायचो: १ की ७. मास्तर लोकांचा १ आणि ७ हा स्वतंत्र विषय आहे. आम्हाला दिसायचा तुकडा. कुणाचं घर, कुठलं गाव, काही नाही. मीनलताईंच्या 'कोण बघतं' या प्रश्नाचं त्या काळचं उत्तर एवढंच: मी तुमचा ७ बघितला असेन, तुम्हाला नाही.

अंक असे मशीनने वाचले. पण धर्म, भाषा, व्यवसाय, जन्मगाव ही अक्षरांत लिहिलेली उत्तरं. त्यांना माणसाने कोड द्यायचा. खरी गंमत तिथे. 'नोकरी' एवढंच लिहिलंय. कसली? 'कंपनीत'. कसली कंपनी? त्याला कुठल्या व्यवसायात टाकायचं? शेवटी 'अपुरं वर्णन' नावाचा एक कोड असतो, तिथे अर्धा देश नोकरी करतो. भाषेचं तर विचारूच नका. २०११ ला देशभरातून मातृभाषेची १९,५६९ वेगवेगळी नावं आली. गावाची नावं, जातीची नावं, चुकलेली स्पेलिंगं. ती घासूनपुसून १,३६९ मातृभाषा उरल्या, बाकीच्या अवर्गीकृत, आणि मग त्यांचे गट करून १२१ भाषा. हे गट आम्ही कंत्राटी पोरं ठरवत नव्हतो, वरून यादी येई, भाषातज्ज्ञांनी केलेली. पण नाव त्या यादीतल्या कुठल्या ओळीशी जुळतं हे टेबलावरच ठरे.

त्याआधीच्या पिढीत हे सगळं हाताने. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी, चिठ्ठ्या कबुतरखान्यासारख्या कप्प्यांत टाकायच्या आणि मोजायच्या. माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या बाबूंनी ते केलं होतं. त्यांचा वेग बघून आम्हाला संगणकाची लाज वाटे.

मीनल_के

पंचकार्ड, हे सोनं आहे. धन्यवाद! पण एक विचारते: लिहिलेली नोंद उघड चुकीची असेल तर? म्हणजे पाच वर्षांचा विधुर?

पंचकार्ड

सापडतो. संगणक अशा विसंगती काढतो: लहान वयात विवाहित, आईपेक्षा मुलगा मोठा, पुरुषाला झालेली मुलं. ठरलेल्या नियमांनी दुरुस्ती होते. पण रानमोगरा ताईंच्या आईची नोंद सापडत नाही. 'वय ३८, स्त्री, घरकाम' यात संगणकाला खटकण्यासारखं काय आहे? खोटं उत्तर शक्य कोटीतलं असलं की ते खरंच होऊन जातं.

रानमोगरा

नेमकं हेच.

शंकासुर

बरं, जातीचं काय होणार? यंदा सगळ्यांची जात विचारणार आहेत. १९३१ नंतर पहिल्यांदा.

विदाभोगी

फेब्रुवारीच्या टप्प्यात, हो. घरयादीत फक्त कुटुंबप्रमुख अनुसूचित जाती, जमाती की इतर, एवढंच.

कोडिंगचा खरा कस तिथे लागेल. १९३१ ला ४,१४७ जाती मोजल्या होत्या. २०११ ला वेगळी सामाजिक-आर्थिक जात गणना झाली (तीही जनगणना अधिनियमाखाली नव्हती, शंकासुरांना नोंद घेण्यासाठी), तिच्यात जातीची सुमारे ४६ लाख नावं आली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात हे आहे. एकट्या महाराष्ट्रात ४ लाख २८ हजार. आडनाव, गोत्र, पोटजात, कुळी, एकाच जातीची दहा स्पेलिंगं. त्यातल्या बहुतेक 'जातीं'मध्ये शंभर माणसंही नव्हती. तो आकडा कधी बाहेर आला नाही, यात नवल नाही.

तर्कतीर्थ_नव्हे

आणि आकड्यावर जागा, निधी, मतदारसंघ अवलंबून असले की लोक फुगवतातही. नागालँड बघा. १९९१ ते २००१ या दशकात ६४ टक्क्यांवर वाढ, आणि पुढच्या दशकात राज्याची लोकसंख्या चक्क घटली! माणसं गेली नाहीत, आधी कागदावर जन्मली होती.

वाचनवेडी

उलटही होतं. १९३१ च्या जनगणनेवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता, काही शहरांत लोकांनी उत्तरं देणं टाळलं. न मोजलं जाणं हासुद्धा राजकीय निर्णय असू शकतो.

उंटावरचा_शहाणा

आमच्याकडे बहिष्कार वेगळ्याच प्रश्नावर होणार. यंदाच्या ३३ प्रश्नांत 'घरात मुख्यतः कुठलं धान्य खाता' असा एक आहे. मी भाकरी, सौ. भात, चिरंजीव बाहेरचं. मास्तर, एका चुलीवर जेवणाऱ्यांचं एक कुटुंब म्हणता, तर आमच्याकडे चूल एक आणि देश तीन.

चकली

चिरंजीवांसाठी 'मैदा' असा पर्याय आहे का बघा.

शाळा_नंबर_९

मी सध्याची शिक्षिका, या खेपेची प्रगणक, पहिलीच वेळ. प्रशिक्षण झालंय. मीनलताईंना थोडं प्रत्यक्षातलं सांगते.

यंदा कागद नाही, मोबाइल अॅप. आपलाच फोन. रेंज नसली तरी भरता येतं, नंतर पुढे जातं. इमारतीचं ठिकाण नकाशावर नोंदवायचं. स्वगणना करणार असाल तर पोर्टलवर मोबाइल नंबरने जायचं, भरून झालं की एक क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा. मी दारात आले की तो द्यायचा, मी तुमची माहिती ताडून पुढे पाठवणार. म्हणजे स्वगणना केली तरी आम्ही येणारच. कुठलंही कागदपत्र आम्ही मागत नाही. आधार नाही, बँक नाही, पैसे नाहीत. कोणी मागितलं तर तो आमच्यातला नाही, दार लावा. ओळखपत्र बिनधास्त बघा, आम्हाला राग येत नाही.

राग कशाचा येतो सांगू? गेटवर. मोठ्या सोसायट्यांत वॉचमन नाव लिहून घेतो, फोन लावतो, वरून उत्तर येतं "रविवारी या". रविवारी गेलं तर "आज सुट्टी आहे हो". झोपडपट्टीत मला कोणी परत पाठवलं नाही. उलट, पाटावर बसवून उत्तरं दिली.

घर बंद असेल तर तशी नोंद होते, पण आम्ही पुन्हा येतो. चहा नको, फक्त पंधरा-वीस मिनिटं आणि घरातल्या बायकांना बाहेर बोलावा. रानमोगरा ताईंचं वाचल्यावर मी आमच्या गटातल्या सगळ्यांना ते पाठवलंय, नाव काढून.

रानमोगरा

पाठवा की. नावासकट पाठवलंत तरी चालेल, आईला आवडेल.

शंकासुर

फोन आपलाच, म्हणजे प्रगणकाचा खासगी. तो हरवला तर? अॅपमध्ये काय साठतं, किती काळ? हे प्रश्न विचारले की लगेच संशयी ठरवतात. मी मोजून घेणार आहे, पण प्रश्न विचारतच.

विदाभोगी

विचाराच. याची उत्तरं लोकांसमोर छापून यायला हवीत, धाग्यावर आम्ही देऊन उपयोग नाही.

मीनल_के

सगळ्यांचे आभार. घरात ठरलं ते सांगते: स्वगणना करायची, पण फॉर्म मी भरणार, हे नाहीत. यांचं म्हणणं, "मग मला मालवणी लिही." लिहिणार. सासूबाईंना विचारलं (शहाण्यांचा सल्ला मानून). म्हणाल्या, फेब्रुवारीत मी तुमच्याकडेही नाही आणि तिकडेही नाही, मैत्रिणींबरोबर नर्मदा परिक्रमेला जाणार आहे. आता काय करू?

खडूफळा

वाटेत कुठल्या आश्रमात असतील तर तिथले प्रगणक मोजतील. २८ च्या आत परतणार असतील तर तुमच्याकडे, पण मग त्यांना सांगून ठेवा की वाटेत कुणी विचारलं तर "घरी मोजलंय" म्हणावं. आमच्या वेळी यासाठीच प्रत्येकाला "दुसरीकडे मोजलं का?" हे विचारून घ्यायचो.

गजालीवालो

मालवणीत एक वाढलो. आभारी आसंय.

वाचनवेडी

थोडं अवांतर. पणजोबांची १९११ ची नोंद कुठे बघायला मिळेल का? इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी उघडतात, १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली.

विदाभोगी

आपल्याकडे तशी सोय नाही. तक्ते आणि अहवाल भरपूर, घरागणिक नोंदी नाहीत. इंग्लंडलाही सगळं मिळत नाही म्हणा. १९३१ च्या तिथल्या नोंदी १९४२ च्या आगीत जळाल्या.

पेंगुळलेला

२०११ शी तुलना करायला पालघर जिल्ह्याचे आकडे शोधतोय, सापडत नाहीत.

विदाभोगी

सापडणार नाहीत. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, २०११ ला तो ठाण्यात होता. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांचे आकडे ठाण्याच्या तक्त्यातून काढून बेरीज करा. शहरं वेगळी दाखवलेली असतात, ती धरायला विसरू नका. आणि या खेपेला बेल वाजली तर उठा.